बापू ठाकुरांचं लीकेज

प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी बापू ठाकूर आपली बॅग माळ्यावरून खाली टाकायचे. पडायची नाही, मुद्दाम टाकायचे. रोह्याला आमची भाड्याची खोली त्यांच्या खोलीला लागून होती. संध्याकाळी भिंतीपलीकडे धप्प आवाज झाला की माझी बायको हातातलं काम न थांबवता म्हणायची, "बापू कुठंतरी चाललेत." मग थोडा वेळ शांतता. त्या वेळात बापू बॅगेतली एकेक बाटली काढून, उलटी करून वर्तमानपत्रावर ठेवत. कागदावर डाग उमटला नाही की बॅग दुसऱ्यांदा टाकायची. तिसऱ्यांदा कोपऱ्यावर.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना यांनी तिची ट्रंकही अशीच टाकून बघितली होती. आत आरसा होता. बापूंना त्याचं दुःख नव्हतं. "फुटायचा तो घरीच फुटला, वाटेत नाय," एवढंच ते म्हणाले होते.

बापू धाटावच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंग सेक्शनचे इनचार्ज होते आणि मी त्यांच्या हाताखाली. कंपनी काय बनवते असं कुणी विचारलं तर ते "ड्रम" म्हणून सांगत. आतलं केमिकल ही त्यांच्या मते ड्रम रिकामा जाऊ नये म्हणून भरायची वस्तू होती. त्यांचा एकच शत्रू होता, लीकेज. घरचा नळ, शेजारचं रडकं पोर आणि दुपारनंतर हमखास घरी सटकणारे आमचे साहेब, या तिघांबद्दलही ते "लीक मारतो" एवढंच बोलायचे.

अशा माणसाबरोबर आम्ही लाँचमधून सहलीला गेलो, ही आमचीच चूक.

आमच्या शिफ्टमधल्या भोईरच्या मेहुण्याची धरमतरच्या खाडीत लाँच होती. एका रविवारी ती रिकामी होती, म्हणून घारापुरीला जाऊन यायचं ठरलं. आम्ही आठ जण. जेवणाचं काय, पत्ते कोण आणणार, यावर आमची चर्चा चालू असताना बापूंनी सेक्शनच्या फळ्यावर पॅकिंग लिस्ट लावली. टूथब्रश, टोपणासह. साबण, डबीसह, डबी कोरडी. कंगवा, तेल, पावडर, तोंडाला लावायचं क्रीम. पाऊचमधला शाम्पू तेव्हा नुकता गावोगाव पोचला होता. त्याला लिस्टमध्ये मज्जाव होता, कारण एकदा फाडलेलं पाऊच परत बंद करता येत नाही. भोईरनं विचारलं की सकाळी जाऊन संध्याकाळी यायचंय, त्याला हा संसार कशाला. समुद्राचं काय सांगता येत नाही, असं बापूंचं उत्तर होतं. त्यांचा स्वतःचा समुद्राचा अनुभव अलिबागच्या किनाऱ्यावर घोट्यापर्यंत.

आम्ही अर्थातच कुणीही काही आणलं नाही. बापूंनी सगळ्यांपुरतं आणलं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेऊन त्यांत त्यांनी पेस्ट, दाढीचं क्रीम, खोबरेल, ग्लिसरीन असं सगळं भरलं होतं. शिकेकाईच्या काढ्याची मोठी बाटली वेगळी. प्रत्येकीच्या टोपणाला मेण, वर प्लास्टिक, त्यावर रबर आणि पोटावर बाण काढलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नव्हतं, नंबर होता. नाव लिहिलं की लोक जास्त वापरतात, असं ते म्हणाले. शिवाय गोड्या पाण्याचे दोन कॅन.

आणि शंकर.

शंकर आमच्याच सेक्शनचा. पेणजवळच्या जोह्याचा. सुट्टी काढून गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा, हात असा की बघत राहावं. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायचा, जीभ जड झाली, नोकरी सुटली. बापूंनी त्यालाही आणायचं ठरवलं. लाँचमध्ये चढवायचं कसं, उतरवायचं कसं, असं आम्ही आडून आडून बोललो. बापू म्हणाले की त्याचं मी बघतो, तुम्ही तुमचे पत्ते बघा. पेणच्या स्टँडवर शंकरची बायको त्याला घेऊन उभी होती. तिनं बापूंना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. बापूंनी मान हलवली.

जाताना मजा आली. पहाटेची एसटी पकडायच्या घाईत भोईरनं दात घासले नव्हते. लाँच सुटल्यावर त्यानं विचारल्याशिवाय बापूंच्या बॅगेतली बाटली उचलली आणि दाढीच्या क्रीमनं दात घासले. तोंडातून इतका फेस आला की मेहुण्यानं इंजिन बंद केलं. बेट येईपर्यंत भोईर थुंकत होता आणि बापू त्याला समजावत होते की लेबलवरचा नंबर न बघणाऱ्याला पॅकिंग काय करणार. आम्ही बापूंना हसत होतो, आणि हसता हसता त्यांचंच क्रीम तोंडाला चोपडत होतो, त्यांच्याच कंगव्यानं भांग पाडत होतो. माने म्हणून एक होता, त्यानं तर पावडरीची डबी निम्मी संपवली आणि वर विचारलं की वास जरा हलका नाही का.

लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या शंकर बापूंच्या खांद्याला धरून चढला. दर दहा पायऱ्यांना दोघं बसत. वर पोचल्यावर आम्ही मूर्ती बघितल्या. बापूंनी छतातून पाणी कुठं ठिबकतंय ते बघितलं आणि मान हलवली.

घोटाळा परतताना झाला. मेहुण्यानं बजावलं होतं की ओहोटीच्या आत खाडीत शिरायला हवं, अडीचच्या पुढं थांबायचं नाही. पण आम्ही समुद्रात डुंबलो होतो आणि खारं अंग घेऊन बापू कुणाला लाँचवर घेईनात. प्रत्येकाला एक तांब्या गोडं पाणी, साबण, मग दुसरा तांब्या. रांग लावून. माझ्या पाठीचा साबण निघाला नाही म्हणून मला परत पाठवलं. यात पाऊण तास गेला आणि एक कॅन संपला. दुसरा कॅन मानेनं मागितला तर बापूंनी त्याला हात लावू दिला नाही.

पाचच्या सुमाराला धरमतरचा धक्का समोर दिसत असताना लाँच चिखलात बसली. मेहुण्यानं इंजिन मागं घेतलं, पुढं घेतलं, मग बंद केलं आणि बिडी पेटवली. भरती लागून पाणी वाढेपर्यंत हलायचं नाही, म्हणजे दोन-अडीच तास. दोन्ही बाजूंना चिखल, वर ऊन. आता बापूंची धडगत नव्हती. भोईरनं सकाळच्या फेसाचाही हिशेब चुकता केला. दोन तांबे पाण्यापायी बायकापोरं वाट बघतायत, असं माने तीनतीनदा म्हणाला. तो अविवाहित होता. बापू बॅगेवर बसून सगळं ऐकून घेत होते.

दीडेक तास गेला. आम्ही धडधाकट माणसं मागच्या टोकाला जाऊन उभ्याउभ्या मोकळे होऊन येत होतो. शंकरला ते जमण्यासारखं नव्हतं, आणि हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तो फळीवर कठड्याला टेकून बसला होता.

मी त्याच्या समोर बसलो होतो, बाकीचे पुढच्या टोकाला पत्त्यांत गुंतले होते. त्यानं मान खाली घातली, डावा हात मांडीवर ठेवला, आणि त्या हाताखालून पँटवर ओल पसरायला लागली. फळीवरून थेंब पडला. मी बघितलं.

बापूंनीही बघितलं. ते घाई न करता बॅगेवरून उठले. त्यांनी बॅग उघडली, शिकेकाईची मोठी बाटली काढली, रबर सोडलं, प्लास्टिक काढलं, मेण नखानं उकरलं, टोपण फिरवलं. मग ती बाटली त्यांनी शंकरच्या मांडीवर सबंध ओतली. तपकिरी काढा पँटभर, फळीभर, खाली माझ्या चपलेपर्यंत. रिकामी बाटली हातात धरून ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"लीकेज झालं. माझी बाटली गळली."

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग जे हसू फुटलं ते धक्क्यावर ऐकू गेलं असेल. भोईर तर पोट धरून खाली बसला. पॅकिंग इनचार्जची बाटली गळली. बापू आपले टोपणाला दोष देत, शंकरची माफी मागत त्याला उठवून इंजिनाच्या केबिनमागं घेऊन गेले. जाताना त्यांनी दुसरा कॅन उचलला. माझ्या जवळून जाताना एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघायला लागलो.

बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. शंकरनं बापूंची लुंगी नेसली होती. भांग पाडलेला, तोंडाला पावडर, गळ्याभोवती कोरडा टॉवेल. भरतीचं पाणी लाँचखाली शिरायला लागलं होतं.

पेणच्या स्टँडवर शंकरच्या बायकोला बापूंनी सांगितलं की माझ्या बाटलीनं याची पँट खराब केली, धुऊन आणून देतो. तिनं पँटची पिशवी मागितली. बापूंनी दिली नाही. ती नवऱ्याचा हात धरून रिक्षाकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पँट आमच्या सामाईक दोरीवर वाळत होती.

सोमवारी कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननंही बापूंना बाटलीचं विचारलं. पुढं सात-आठ वर्षं हा प्रकार चालला. एखादा ड्रम गळला की कुणीतरी म्हणायचं, शिकेकाई भरली होती काय. बापू म्हणायचे, "व्हय, माणूस हाय, चुकतो." मी बायकोलाही खरं सांगितलं नाही.

बापू निवृत्त झाले तेव्हा कँटीनमध्ये निरोपसमारंभ झाला. शंकर जोह्याहून दोन बस बदलून आला होता. भोईरनं भाषणात बाटलीचा किस्सा नव्यानं, चार गोष्टी जास्तीच्या घालून सांगितला आणि हॉल हसून हसून दमला. बापूही हसले.

तेवढ्यात शंकर उभा राहिला. टेबलाला धरून, सावकाश. बोलायला वेळ लागतो त्याला, म्हणून सगळे थांबले.

"बाटली," तो म्हणाला, "गळली नव्हती. मी..."

"शंकर," बापू म्हणाले, "बस. चहा निवतोय."

शंकर उभाच राहिला. त्याचा ओठ हलत होता. बापू हार घातलेले तसेच मंचावरची खुर्ची सोडून खाली आले, त्याच्या शेजारी बसले, त्याला बसवलं. चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्या डाव्या हाताला लागेल अशी सरकवली.