गादीसम्राट पुठ्ठ्यावर झोपतात

"एक रात्र काय घेऊन बसलात, मी सात रात्री झोपून दाखवीन! जमिनीवर झोपलं की माणसाचं काय होतं, ते एकदा लोकांना कळलंच पाहिजे!"

गादीसम्राट हे वाक्य बोलले तेव्हा गल्ल्यावर बसलेले होते आणि त्यांचा उजवा हात छातीवर होता. समोर त्यांची बायको उशांचे अभ्रे मोजत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुम्ही? झोपून दाखवणार?"

'झोपून' या शब्दावर तिनं जो जोर दिला, तो तिथं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कळला नाही. गादीसम्राटांना कळला. पण त्यांनी तो कानाआड केला.

आता 'गादीसम्राट' ही पदवी त्यांना काही लोकांनी दिलेली नव्हती. त्यांनी स्वतःच ती दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'झोप आमची जबाबदारी'. लोक आपले त्यांना साधं गादीवाले म्हणत. कोणी दुकानात पाऊल ठेवलं की गादीसम्राट त्याला पाठमोरा उभा करत, मणक्यावरून बोट फिरवत आणि "अरेरे!" म्हणत. गिऱ्हाईक निम्मं तिथंच गार व्हायचं. उरलेलं निम्मं किंमत ऐकून.

प्रकरण असं होतं, की शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्यासाठी पैसे उभे करायचे होते. निवाऱ्याच्या संचालिकाबाई मोठ्या खटपट्या. त्यांनी अशी शक्कल काढली, की गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी एक रात्र उघड्यावर, पुठ्ठ्यावर काढायची. प्रत्येकानं आधीच ओळखीपाळखीच्या लोकांकडून आकडे लिहून घ्यायचे. रात्रभर टिकलात, की त्या लोकांनी तेवढी देणगी द्यायची.

"या पैशांतून काय घेणार?" गादीसम्राटांनी सहज म्हणून विचारलं होतं.

"सध्या लोक फरशीवर झोपतात हो. चाळीस गाद्या घ्यायचा विचार आहे," बाई म्हणाल्या.

चाळीस गाद्या! गरिबांच्या दुःखानं गादीसम्राटांचं काळीज एकदम लोण्यासारखं वितळलं. त्यांनी यादीत पहिलं नाव आपलं लिहिलं, तेही ठळक अक्षरात.

रात्री त्यांनी बायकोला सगळी योजना समजावून सांगितली. "हे बघ, पुठ्ठ्यावर झोप लागणं शक्यच नाही. मी रात्रभर जागा राहणार. थोडा कण्हणार. सकाळी वार्ताहर येतो, त्याला सांगणार, की बाबा रे, गादीशिवाय माणसाला झोप नाही! पेपरात फोटो. गावाला शिकवण, निवाऱ्याला देणगी आणि आपल्याला ऑर्डर!"

"आणि जागरण झेपेल?"

गादीसम्राट नुसते हसले. कारण खरी गोष्ट फक्त त्या दोघांना ठाऊक होती. गावाला झोप विकणाऱ्या या माणसाला बारा वर्षं धड झोप नव्हती! दुकानातली सगळ्यात महागडी गादी त्यांच्या घरी होती. तिला सात थर होते, आणि गादीसम्राट प्रत्येक थरावर रात्रीचा एकेक तास तळमळत. दोन वाजता उठून गॅलरीत फेऱ्या मारत, तीनला फ्रिज उघडत, चारला उधारीची वही. जागरण तर त्यांच्या हातचा मळ होता!

ठरल्या दिवशी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या पटांगणात तेवीस मंडळी जमली. बँकेचे मॅनेजर सुवासिक मेणबत्ती घेऊन आले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी डासांसाठी तीन प्रकारची मलमं आणली होती. एक पुढारी आले, पुठ्ठ्यावर आडवे झाले, फोटो काढून होईपर्यंत बेघर राहिले आणि गाडीत बसून घरी गेले. त्यांच्या पँटची घडीही मोडली नव्हती.

पुठ्ठे वाटायला एक आजी होती. निवाऱ्यात स्वयंपाक करायची. त्याआधी अकरा वर्षं तिनं पुलाच्या जिन्याखाली काढली होती. ती पुठ्ठ्यांच्या ढिगातून एकेक उचलायची, अंगठ्यानं दाबून बघायची आणि माणूस बघून पुठ्ठा द्यायची.

"तुम्ही अंगानं भरलेले. तुम्हाला हा फ्रिजचा घ्या. जाड असतो. टीव्हीचा पातळ, आणि वॉशिंग मशीनचा मधोमध मोडतो."

गादीसम्राट चपापले. ही तर धंद्यातली भाषा! त्यांनीही मग धंद्यातल्याच आवाजात विचारलं, "आणि गॅरंटी?"

"पाऊस येईपर्यंत," आजी म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले गेले. एक पुठ्ठा, एक चादर, बाकी काही नाही. फाटकावर रखवालदार. साडेदहाला दिवे मालवले. गादीसम्राटांनी मनातल्या मनात कण्हण्याची तालीम केली. एक लहान कण्हणं, एक मध्यम आणि पहाटेसाठी एक मोठं राखून ठेवलेलं. मग म्हटलं, हा पुठ्ठा नेमका किती वाईट आहे ते तरी बघावं. वार्ताहराला तपशील द्यायला बरं! म्हणून ते पाच मिनिटांसाठी पाठ टेकून आडवे झाले. वर चांदण्या होत्या. फोन नव्हता. वही नव्हती. फ्रिज नव्हता.

इथून पुढचं त्यांना इतरांकडून कळलं.

पावणेअकराला पटांगणात पहिली घरघर उठली. बँकेच्या मॅनेजरांना वाटलं, रस्त्यावरून ट्रक चालला असेल. पण ट्रक जाईचना! अकरा वाजता रखवालदार बॅटरी घेऊन धावत आला. "जनरेटर कोणी लावला? परवानगी आहे का?" त्यानं बॅटरीचा झोत फिरवला, तो येऊन गादीसम्राटांच्या उघड्या तोंडावर थांबला.

डाराडूर! बारा वर्षांची थकबाकी माणूस एका रात्रीत वसूल करत होता!

"अहो, ऐका ना," डॉक्टरीणबाईंनी त्यांचा खांदा हलवला. "कुशीवर वळा. कुशीवर वळलं की थांबतं."

गादीसम्राट कुशीवर वळले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "पाच वर्षांची गॅरंटी, ताई. घरपोच." मग दुप्पट जोरानं घोरायला लागले.

साडेबारापर्यंत मंडळींनी आपापले पुठ्ठे ओढत पटांगणाचं दुसरं टोक गाठलं. एक वाजता बँकेच्या मॅनेजरांनी मेणबत्ती कानात घालता येते का ते पाहिलं. अखेर एकवीसच्या एकवीस माणसं चादरी गुंडाळून फाटकापाशी आजीभोवती जाऊन बसली. झोप तर कोणाला येणार नव्हती. आजी बोलत राहिली. जिन्याखाली चपला उशाला घेऊन कशी पडून राहायची, पावलांच्या आवाजावरून माणूस कसा ओळखायची, ते सांगत राहिली. मंडळी ऐकत राहिली. एका रात्रीच्या गमतीसाठी आलेल्या त्या लोकांना पहिल्यांदाच कोणीतरी खरं काहीतरी सांगत होतं, आणि त्याचं श्रेय म्हटलं तर गादीसम्राटांच्या नाकाला होतं.

पावणेसहाला गादीसम्राटांना जाग आली. आपण कुठं आहोत हे क्षणभर कळेना. अंग असं हलकं, की कोणीतरी रात्रीतून पोतं उतरवून ठेवलंय! मग एकदम सगळं आठवलं. झोपलो! चक्क झोपलो!

त्यांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. आसपास कोणी नव्हतं. दूर फाटकापाशी चादरीत गुंडाळलेले गठ्ठे दिसत होते. सगळे झोपलेत वाटतं, म्हणजे कोणी पाहिलं नाही! गादीसम्राटांनी चटकन केस विस्कटले, डोळे लाल होईपर्यंत चोळले, शर्टाचं एक बटण उघडलं आणि कमरेवर हात ठेवून, लंगडत लंगडत, राखून ठेवलेलं मोठं कण्हणं काढत ते फाटकाकडे निघाले.

वार्ताहर तिथंच होता. हातात फोन धरून उभा.

"काय, गादीवाले! कशी गेली रात्र?"

गादीसम्राटांनी एक दीर्घ श्वास घेतला. "काय सांगू! डोळ्याला डोळा नाही लागला! सगळी रात्र या कुशीवरून त्या कुशीवर. एकेक मणका ओरडत होता. तेव्हा मला कळलं, की माणसाला एक वेळ अन्न नसलं तरी चालेल, पण गादी हवी! चांगल्या प्रतीची. किमान पाच इंची. या चाळीस जिवांसाठी माझं काळीज रात्रभर तुटत होतं!"

गठ्ठ्यांतून एकवीस चेहरे वर आले. बेचाळीस डोळे, सगळे लाल, आणि ते चोळून केलेले लाल नव्हते. बँकेच्या मॅनेजरांच्या ओठाचा कोपरा थरथरत होता. रखवालदार तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळला.

"असं म्हणता?" वार्ताहर नम्रपणे म्हणाला. "मी चारलाच आलो होतो. हे जरा ऐकता का?"

त्यानं फोनचं बटण दाबलं. फोनमधून आधी घरघर आली, मग शिट्टी, मग पुन्हा घरघर आणि शेवटी गादीसम्राटांचाच प्रेमळ आवाज. "घासाघीस नको, ताई. उशी फुकट देतो."

त्याच वेळी त्यांची बायको चहाचा थर्मास घेऊन फाटकातून आत आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. नवऱ्याचा चेहरा पाहून बिचारीचा थर्मास हातातून सुटायचा बाकी राहिला.

"अगं बाई! अहो, झोपलात की काय तुम्ही?" तिचे डोळे भरून आले. "बारा वर्षांत असा टवटवीत चेहरा पाहिला नव्हता! सात थरांच्या गादीवर जे जमलं नाही ते..."

"तू चहा ओत!" गादीसम्राट किंचाळले.

पण वार्ताहराचा फोन अजून चालूच होता.

दुपारपर्यंत ते चित्रीकरण गावातल्या प्रत्येक फोनवर पोचलं. समोरच्या दुकानाच्या मालकानं, म्हणजे गादीसम्राटांच्या प्रतिस्पर्ध्यानं, ते मोठ्या पडद्यावर लावून ठेवलं आणि बाहेर खुर्च्या टाकल्या. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकं गाद्या परत घेऊन आली. एक गादी तर सात वर्षांपूर्वीची होती.

चार दिवसांनी निवाऱ्याच्या कचेरीत बैठक झाली. पैसे अपेक्षेपेक्षा दुप्पट जमले होते. चित्रीकरण पाहून लोकांनी हसत हसत देणग्या पाठवल्या होत्या. गादीसम्राट कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसले. बँकेचे मॅनेजर घसा खाकरून म्हणाले, "मला वाटतं, गाद्यांचा मुद्दा पुन्हा तपासावा. म्हणजे, पुठ्ठ्यावर जर इतकी उत्तम झोप लागत असेल, तर गाद्यांवर खर्च कशाला?"

दोघांतिघांनी माना डोलावल्या. गादीसम्राट खुर्चीत ताठ झाले. ऑर्डर गेली ते ठीक, पण आपल्या घोरण्यामुळे चाळीस माणसं फरशीवरच राहणार? त्यांना बोलायचं होतं. पण बोलणार कोण, आणि कुठल्या तोंडानं?

दारात आजी उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

"साहेब, त्यांना झोप का लागली सांगू? फाटकाला कुलूप होतं. रखवालदार होता. सकाळी बायको चहा घेऊन येणार होती." तिनं गादीसम्राटांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "रस्त्यावर पुठ्ठ्यावर कोणी झोपत नाही. पहारा करतं. मी अकरा वर्षं केलाय."

मग गादीसम्राट उठले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाच्या मणक्याला हात न लावता बोलले.

"आजी म्हणतात ते खरं आहे. गाद्या घ्या. माझ्याकडून नका घेऊ, पण घ्या."

मनाच्या एका कोपऱ्यात मात्र अशी आशा होती, की एवढं मोठं मन दाखवल्यावर बाई म्हणतील, 'छे छे, तुमच्याकडूनच घेऊ!'

संचालिकाबाई भारावून गेल्या. त्यांनी हात जोडले. "धन्य आहे तुमची! तुमच्या शब्दाचा मान ठेवून तुमच्याकडून घेत नाही. समोरच्या दुकानातून मागवते."

त्यानंतर आठवडाभर गादीसम्राट दुकानात माश्या मारत बसले. समोर टेम्पोत गाद्या भरल्या जात होत्या, त्या मोजायच्या नाहीत असं ठरवूनही चाळीसपर्यंत मोजून झालं. आणि आठव्या दिवशी दुकानात एक गृहस्थ आला. कमरेत वाकलेला, एका हातानं पाठ धरलेली.

गिऱ्हाईक! गादीसम्राट टुणकन उठले. त्याला पाठमोरा उभा केला, मणक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरेरे! असं करा, सात थरांची—"

"गादी नको हो," गृहस्थ कण्हत म्हणाला. "तुम्ही त्या रात्री झोपला होतात, तसला फ्रिजचा पुठ्ठा आहे का?"

गादीसम्राटांनी रिकाम्या दुकानाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. तिनं नजर अभ्र्यांत खुपसली होती आणि तिचे खांदे हलत होते. त्यांनी गल्ल्यावरचं पावतीपुस्तक पुढ्यात ओढलं, पेन उघडलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"सिंगल देऊ, की डबल?"