घरच्या घरी वेबसाइट

बैहरच्या सरकारी कार्यालयातून बडे बाबू म्हणून निवृत्त झाल्यावर दुलीचंदजींना बालाघाटात एकच काम उरलं होतं, ते म्हणजे मोठं होणं. नोकरीत ते कायम मोठ्यांच्या मागे उभे राहिले होते. फोटोत त्यांचा एक कान आणि थोडासा खांदा यायचा. आता वार्डातल्या वाचनालयाचं अध्यक्षपद रिकामं झालं होतं, आणि ते कोणाला मिळणार हे नगरपालिकेतले वार्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, चैतरामजी ठरवणार होते. म्हणून दुलीचंदजींनी स्वतःची वेबसाइट काढायचं ठरवलं आणि तिच्या पहिल्याच पानावर चैतरामजींना बसवलं.

सून मयुरी कॉम्प्युटर शिकवायची. तिने सांगितलं की वेबसाइट ठेवायला कंपन्या भाड्याने जागा देतात, आपण फक्त मजकूर पाठवायचा. सासऱ्यांना ते पटलं नाही.

"आपलं घर असतानी भाड्यानं काहून राहाचं?" ते म्हणाले आणि माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवून स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी मांडला, कारण इन्व्हर्टरची वायर तेवढ्या एकाच बोर्डापर्यंत आली होती. त्या कॉम्प्युटरला ते 'सर्व्हर' म्हणत. त्यांची बायको अनुसयाबाई त्याला 'तुमचं ते' म्हणत.

घरी इंटरनेट राकेशचं होतं. अर्ध्या बालाघाटात त्याचीच तार फिरली होती. बाहेरच्या माणसाने तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर यायचं तर घराला खास नंबर लागतो, आणि असे नंबर आपल्याकडे मोजकेच आहेत, असं त्याने समजावून सांगितलं. ज्यांच्या घरी कॅमेरे आहेत आणि ज्यांना बाहेरगावी बसून आपलं अंगण बघायचं असतं, त्यांनाच तो ते द्यायचा. दुलीचंदजी रोज त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागले, तेव्हा कंटाळून त्याने एक नंबर त्यांनाही दिला.

"पण काकाजी, हा नंबर पक्का नाई. तुमचा डब्बा बंद झाला का नंबर सुटते, अन् दुसऱ्या कोनाले बी जाते. तुमच्या वेबसाइटच्या नावामांगं तं हाच नंबर लिवला आहे. मंग लोक तुमचं नाव टाकतीन अन् दुसऱ्याच्या घरात घुसतीन."

दुलीचंदजींनी कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले आणि वर भिंतीला कागद ठोकला: 'सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाविना बंद करू नये.' त्या खिळ्याला अनुसयाबाई चाळणी अडकवू लागल्या.

पहिल्या पानावर चैतरामजींचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली लेख होता, 'विकासाचा दीपस्तंभ'. वार्डातल्या रस्त्यांवर तेव्हा वर्षभरापासून अंधार होता. सौर दिवे मंजूर झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. चैतरामजी म्हणत, माल भोपाळहून निघालाच नाही. मयुरीने लेख वाचला आणि दीपस्तंभाऐवजी दुसरा शब्द चालणार नाही का, असं हळूच विचारलं. दुलीचंदजींनी तिला साहित्य समजत नसल्याचं सांगितलं.

उद्घाटन वाचनालयाच्या हॉलमध्ये ठरलं. दुलीचंदजी सकाळीच खुर्च्या मांडून घ्यायला गेले. घरी अनुसयाबाई पाहुण्यांसाठी आलूबोंडे तळत होत्या. चटणी वाटायला घेतली आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या बोर्डात 'तुमचं ते' आणि त्याचा डबा लावलेला. सक्षम अधिकारी घरात नव्हता. अनुसयाबाईंनी डब्याची पिन काढली, मिक्सरची लावली, चटणी वाटली, आणि पिन जशीच्या तशी परत लावून ठेवली. इतक्या नीट की कोणाला कळूही नये. तोवर वार्डात लाइट आली होती, घरोघरचे बंद पडलेले डबे पुन्हा सुरू झाले होते, आणि दुलीचंदजींचा सुटलेला नंबर त्यांच्या आधीच दुसऱ्या एका घराने उचलला होता.

हॉल भरला. चैतरामजी आले, हार झाले. तिरोडीच्या खाणीतून निवृत्त झालेले फकिराजी पुढच्या रांगेत बसले होते. आलूबोंड्यांचा वास त्यांना लांबून आला होता. दुलीचंदजींनी माइक हातात घेतला.

"लोक विचारतात, भाऊंनी वार्डासाठी काय केलं? आज मी ऐकीव काही सांगणार नाही. भाऊंचं काम आजवर लोकांपासून लपून राहिलं. ते मी जगासमोर आणतो आहे. कोणाच्या भाड्याच्या जागेतून नाही, थेट घरून. आपापल्या डोळ्यांनी पाहा."

चैतरामजींनी बटण दाबलं. दुलीचंदजी पडद्याकडे पाठ करून, प्रमुख पाहुण्यांकडे तोंड करून, कमरेत वाकून उभे राहिले.

पडद्यावर एक अंगण आलं. स्वच्छ ऊन पडलेलं, चारी बाजूंनी भिंत असलेलं अंगण. एका कडेला दोन म्हशी चकचकीत लोखंडी खांबांना बांधलेल्या होत्या. तसलेच आणखी खांब गोठ्याला टेकवून ठेवले होते, आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगात वार्डाचा नंबर होता. मधोमध विटांवर मोठमोठ्या काळ्या पाट्या आडव्या मांडून त्यांवर लुगडं अंथरलं होतं, आणि त्यावर एक बाई कोहळ्याच्या वड्या घालत होती. वार्डात त्या बाईंना न ओळखणारं कोणी नव्हतं. त्या चैतरामजींच्या पत्नी जिजाबाई होत्या.

हॉलमधली माणसं खुर्च्यांवरून अर्धी उठली. दुलीचंदजींना वाटलं, लोक भारावले.

"हे तर पहिलंच पान आहे," ते नम्रपणे म्हणाले. "अजून पुष्कळ पानं आहेत."

फकिराजी उठून पडद्याजवळ गेले. डोळे बारीक करून त्यांनी म्हशींकडे पाहिलं, मग खांबांकडे.

"हा तं आपल्या चौकाचा खंबा होय," ते म्हणाले. "माह्या अंगनात अंधार, अन् हे म्हस उजेडात बसून राह्यली."

चैतरामजींनी खिशातून फोन काढला आणि तोंडावर हात धरून बोलू लागले. पडद्यावर जिजाबाईंनी हात पुसले आणि फोन कानाला लावला. सगळा हॉल कधी इकडे बघे, कधी तिकडे. "खंबे झाक," एवढं चैतरामजी कुजबुजले, आणि माइक जवळच असल्याने ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं. जिजाबाई आज्ञाधारक होत्या. झाकायला दुसरं काही दिसेना, तेव्हा त्यांनी वड्या सुपात भरल्या, लुगडं ओढून काढलं आणि खांबांवर टाकलं. लुगड्याखालच्या सौर पाट्या उघड्या पडल्या. प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत 'शासकीय संपत्ती' लिहिलेलं होतं.

तेव्हा कुठे दुलीचंदजींनी मागे वळून पाहिलं.

त्यानंतरचं त्यांना नीट आठवत नव्हतं. चैतरामजी मागच्या दाराने गेले, लोकांनी आपल्याला खांद्यावर घेतलं, आणि आपण 'नाही, नाही' म्हणत असताना ते लोकांना विनय वाटला, एवढं त्यांना आठवत होतं. घरी येऊन ते पांघरूण घेऊन पडले. राकेश येऊन सगळा प्रकार सांगून गेला: चैतरामजींच्या कॅमेऱ्याला पासवर्डच नव्हता, आणि नंबर नेमका त्यांच्याच घरी गेला. अनुसयाबाईंनी पिनेचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुलीचंदजी चैतरामजींच्या घरी क्षमा मागायला गेले. नंबर कसा सुटला, कसा फिरला, सगळं सांगितलं. चैतरामजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबूजी, मी राजकारनात केस पिकवले," ते म्हणाले. "चटनीनं कोनी पडत नाई. तुमी लय खोल मानूस निघाले."

आठवडाभरात वार्डात दिवे लागले. लोक दुलीचंदजींना रस्त्यात थांबून नमस्कार करू लागले. राशनवाला त्यांना पाहून काट्यावरचा अंगठा काढून घ्यायचा. रखडलेल्या पेन्शनचं काम न सांगता झालं. सुरुवातीला ते लोकांना खरं सांगायचा प्रयत्न करत. मग नुसते हसू लागले. मग लालबर्ऱ्याला एका सत्कारात "मी महिनाभर पाळत ठेवून होतो" असं म्हणून गेले. ते वाक्य घरी येईपर्यंत त्यांना स्वतःलाही खरं वाटायला लागलं होतं.

निवडणूक जवळ आली, तशी विरोधी पक्षाची माणसं हार घेऊन दारात आली. दुलीचंदजी नवा कुर्ता घालून तयारच होते. त्यांनी मान पुढे केली. पुढाऱ्याने हार हातातच धरून ठेवला आणि सांगितलं, वार्ड या वेळी महिलांसाठी राखीव झाला आहे, बाई कुठे आहेत?

अनुसयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी थोडा विचार केला आणि हौ म्हटलं.

अर्ज भरायच्या दिवशी निवडणूक कार्यालयाबाहेरच्या बाकावर दुलीचंदजी बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळाने शेजारी चैतरामजी येऊन टेकले. त्यांच्या मांडीवर जिजाबाईंची पर्स होती. अनुसयाबाईंच्या विरोधात त्याच उभ्या होत्या. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता.

"बाबूजी," चैतरामजी म्हणाले, "जिजाची बी एखांदी वेबसाइट पायजे होती. तुमच्यासारखं लिवनारा दुसरा कोनी नाई."

दुलीचंदजी उठून उभे राहिले. इतक्या वर्षांची सवय होती. पर्स काखेत दाबून ते किंचित वाकले आणि खिशातून पेन काढलं.

"लिहितो ना, भाऊ. वहिनीसाहेबांचं सामाजिक कार्य काय टाकू?"

चैतरामजींनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"टाका," ते म्हणाले, "सौर ऊर्जेचा घरगुती वापर."

दुलीचंदजींनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.