सासूबाई बसल्या की दिवे जातात

"कार्ला, सापडलं! दोष तुझ्या आईत आहे!"

लोवेल गॅरेजमधून ओरडतच स्वयंपाकघरात शिरला. कार्ला चर्चच्या सामुदायिक जेवणासाठी हॉटडिशवर, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायच्या मांस-भाजीच्या पदार्थावर, बटाटे रचत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"हे तुला आज कळलं?"

"तसं नाही गं! गाडीतला दोष म्हणतोय मी!"

गाडी कार्लाच्या वडिलांची, कैलासवासी हार्लन यांची. लांबलचक, निळीशार, पुढे या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट. कार्लाला मागणी घालायला लोवेल त्या घरी गेला, तेव्हा आधी त्याची नजर गाडीवर पडली होती आणि मग कार्लावर. कार्ला हे अजून विसरलेली नाही. हार्लन गेले, गाडी राहिली आणि जावई दोन. मिनिआपोलिसचा थोरला जावई ग्रेग म्हणे गाडी नेऊन जांभळी रंगवणार होता. नुसत्या विचारानं लोवेल उठून गॅरेजचं कुलूप तपासून यायचा.

सासूबाईंनी, म्हणजे सॉल्वेगबाईंनी, निकाल सोपा ठेवला होता. "डॅशबोर्डचे दिवे मधेच जातात. जो दुरुस्त करेल त्याची गाडी. रविवारी ग्रेग यायच्या आत काय ते करा, जावईबापू."

लोवेलनं शेजारच्या बर्नीला हाताशी धरलं. बर्नीला विजेतलं सगळं कळायचं, असं बर्नीचं मत होतं. दोघांनी फ्यूज बदलला, वायरींची टोकं घासली, अख्खा डॅशबोर्ड उचकटून परत बसवला. दिवे कमी-जास्त करायचं दातेरी चाक रेडिओच्या बाजूला, दोन्ही माणसांच्या मधोमध होतं. बर्नीनं तेही फिरवून पाहिलं. दिवे गुमान मंद झाले, गुमान लख्ख झाले.

"चाक ठणठणीत आहे," बर्नी म्हणाला. "रोग आत कुठेतरी आहे."

पण रोग गॅरेजमध्ये दिसेल तर शपथ! लोवेल एकटा फिरून आला, दिवे चालू. कार्लाला घेऊन फिरला, चालू. सासूबाईंना चर्चला नेलं की मात्र वाटेत मिट्ट काळोख, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत परत लख्ख! म्हणजे उघड होतं. त्यांच्या सीटखालून वायरींचा जुडगा जात होता आणि वजन पडलं की तो दबत होता.

"आता तेवढंच वजन ठेवून बघायचं," लोवेल हात चोळत म्हणाला. "कार्ला, तुझ्या आईचं वजन किती गं?"

"तूच विचार की. मी अंत्यविधीचे काळे कपडे इस्त्री करून ठेवते."

लोवेलनं विचारलं नाही. तळघरात नळाचं जड पाणी मऊ करायला लागणाऱ्या मिठाच्या गोण्या होत्या, त्या दोघांनी धापा टाकत वर आणल्या आणि सीटवर रचून पट्टा बांधला. परिस्थिती हुबेहूब असावी म्हणून बर्नीनं सासूबाईंची चौकड्यांची लोकरी शालही गोण्यांवर पांघरली.

"दिवे चालूच आहेत रे! अजून एक टाक."

"चार झाल्या, बर्नी."

"अरे, तू त्यांना हिवाळ्याच्या कोटात पाहिलंयस ना?"

"काय चाललंय, जावईबापू?"

दारात सॉल्वेगबाई उभ्या होत्या, हिवाळ्याच्या कोटात. त्यांनी शाल ओळखली. मग शालीखालच्या गोण्या पाहिल्या.

"हे कोण?"

लोवेल घाईघाईनं पट्टा सोडवू लागला. बर्नी गडबडून म्हणाला, "तुम्ही!"

"अस्सं. चार पुरल्या का?"

"नाही... म्हणजे..."

"मग अजून दोन टाका की, लाजता कशाला!" सॉल्वेगबाईंनी शाल ओढून घेतली. "उचला ते मीठ. जेवणाला उशीर होतोय. रविवारी ग्रेगला किल्ली देऊन टाकते."

झालं! लोवेलला गाडी जांभळी दिसू लागली.

कार्ला पुढे जाऊन टेबलं मांडत होती, म्हणून हे तिघंच निघाले. मागे बर्नी, मांडीवर गरम हॉटडिश आणि हातात टॉर्च. पाच वाजताच अंधारलं होतं. रस्ता सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंना बर्फाळ शेतं. हार्लनच्या गाडीला ओरखडा नको म्हणून लोवेल नेहमीसारखा ताशी चाळीस मैलांवर चालला होता. मागून एक गाडी आली, हॉर्न वाजवला आणि भुर्रकन पुढे गेली.

"ही चर्चमधली मार्गारेट ना?" सॉल्वेगबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू झालाय बिचारीला."

आणि दिवे गेले.

"गेले! गेले!" बर्नी मागून ओरडला.

तेवढ्यात समोरून एक ट्रक आला. त्याच्या उजेडात लोवेलला शालीचं टोक दिसलं. ते रेडिओपर्यंत पोचलं होतं आणि त्याखाली दातेरी चाकावर एक सुरकुतलेलं बोट निवांत विसावलं होतं.

बोलावं? चार गोण्यांनंतर? मोतीबिंदूवाली मार्गारेटही पुढे गेली हे आठवून त्यानं अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला. गाडी खूश होऊन गुरगुरली. दिवे मिणमिणले. अजून दाबला. दिवे लख्ख! काटा पंचावन्नवर! त्यानं मुद्दाम पाय सैल सोडला. दिवे मंदावले. दाबला, उजळले. अहाहा! गोण्या वाहून जे साधलं नाही, ते एका पायानं साधलं होतं.

"आले रे आले!" बर्नी नाचायचाच बाकी होता.

"झाली की हो दुरुस्त," सॉल्वेगबाई समोर बघत म्हणाल्या. "तो चाळीसवर थरथरणारा बोटभर काटा बघवत नव्हता मला. हार्लनच्या वेळी उलटं व्हायचं. काटा सत्तरच्या वर गेला की दिवे विझायचे." मग शाल नीट करत म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. ग्रेगला मी कळवते."

लोवेलचे डोळे भरून आले, पण पाय त्यानं ढळू दिला नाही.

"अरे, पण दोष होता तरी कुठे?" बर्नीनं मागून मान पुढे काढली.

"माझ्या पायात," लोवेल म्हणाला.

बर्नीनं हॉटडिश बाजूला ठेवलं, टॉर्च लावला आणि पुढच्या सीटखाली वाकून वायर शोधायला लागला.