आमचं आदिकेंद्रकी घर

सुवालाल सर कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी आतल्या भिंती बघून घेतात आणि निकाल देतात. वेगवेगळ्या खोल्या असतील तर ‘दृश्यकेंद्रकी’. सगळा संसार एकाच खोलीत असेल तर ‘आदिकेंद्रकी’. एकदा आम्ही गल्लीत मयत झालेल्या घरी भेटायला गेलो होतो. घरातली बाई डोळ्याला पदर लावून बसलेली, आणि सर माझ्या कानात कुजबुजले, “स्वैपाकघर वेगळं, देवघर वेगळं. बिलकुल दृश्यकेंद्रकी.” मी गप्प करायला त्यांचा हात दाबला. त्यांना वाटलं, मला पटलं.

सर विज्ञानाचे शिक्षक होते. घराणं राजस्थानातून आलेलं, पण इतक्या पिढ्यांपूर्वी, की मारवाडी आता फक्त भांडताना वापरतात. भाऊ कपड्याच्या धंद्यात गेले, हे एकटे फळ्याकडे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी डोक्यातला तास सुटलेला नाही, आणि त्या तासाला धडा एकच: पेशींच्या दोन जाती.

जुन्या जालन्यातल्या एका दुकानात आम्ही ज्वारी घ्यायला गेलो, तिथंही तो धडा झाला. सर मला सांगू लागले:

“बघा भाऊसाहेब, पोती, काटा, गादी, देव, शेठजी, सगळं एका खोलीत. जिवाणूची पेशी अशी. तिच्यात डीएनए मधोमध नुसता पडलेला, भोवती पडदा न्हाई. कुणीही येऊन धडकतं. बराबर का न्हाई?”

शेठजींनी मान वर केली. “सर, जिवाणू मला म्हणून राह्यले का?”

“तारीफ करून राह्यलो! तुमच्याकडं काही लपत न्हाई. बँकेत बघा, मॅनेजर काचेच्या खोलीत. ते केंद्रक. त्याला पडदा, पडद्याला छिद्रं, छिद्रातून हुकूम बाहेर येतात. आपल्या अंगातल्या पेशी तसल्या. प्रत्येक कामाला वेगळी खोली.”

शेठजी खूश झाले. ज्वारीचा भाव मात्र कमी केला नाही.

आमचं घर सरांना पहिल्या दिवसापासून आवडलं, कारण ते एकच मोठी खोली आहे. ओटा, पलंग, टीव्ही, देव्हारा, माझी स्कूटर, सगळं तिच्यात. बारावीतल्या आमच्या लेकीला, ऋतुजाला, शिकवायला म्हणून ते रोज दिवेलागणीला येऊ लागले. सर जैन, सूर्य बुडाला की पाणीसुद्धा घेत नाहीत. तरी आम्ही जेवायला बसलो की ते उठायचे नाहीत. आमच्या ताटांसमोर मांडीवर हात ठेवून बोलत राहायचे.

“त्यांच्यासमोर घास उतरत न्हाई मला,” मंगल, माझी बायको, म्हणायची. “घरी कोण वाढत असंल हो त्यांना?”

“भरलेलं घर आहे त्यांचं,” मी म्हणायचो.

मग ऋतुजा कॉलेजसाठी संभाजीनगरला गेली. दुसऱ्याच संध्याकाळी सर हजर. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मेथी निवडणाऱ्या मंगलसमोर बसकण मारली.

“वहिनी, प्रथिनं बनवणारे रायबोसोम दोन्ही पेशींत असतात. लिहून घ्या.”

“मेथी निवडू का लिहू, सर? आन् मला आता कोणती परीक्षा हाय?”

“परीक्षा न्हाई म्हणून रायबोसोम काम थांबवतात का?”

आम्ही हसलो. त्यांना सोडायला दारापर्यंत गेलो तेव्हा मी म्हणालो, “सर, आता पोरगी नाही घरात. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका.”

“बराबर,” ते म्हणाले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मंगल म्हणाली, “शिकवायला येत होते असं वाटलं व्हय तुम्हाला?” उत्तर मला माहीत होतं. दारात बोललो तेव्हाही थोडंसं माहीत होतं, आणि तेच मला सतावत होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना मी त्यांच्याकडे गेलो. तीन मजली घर. भावांची, पुतण्यांची दारं बंद. प्रत्येक दारामागं वेगळा कुकर, वेगळा टीव्ही. सरांची खोली वर, गच्चीला लागून. मी जिना चढत होतो तेव्हा एका सुनेनं त्यांच्या उंबऱ्याबाहेर डबा ठेवला, कडी वाजवली आणि माझ्या शेजारून खाली निघून गेली.

सरांनी दार उघडलं. “या. बघितलं घर? फार उत्क्रांत. ज्याला त्याला पडदा.”

मी खाटेवर टेकलो. सर बोलू लागले.

“पोरीला एक सांगायचं राहून गेलं. आपल्या पेशीत ऊर्जा बनवते ना, ती तंतुकणिका, ती मुळात बाहेरची. स्वतंत्र जिवाणू होता. मोठ्या पेशीनं गिळला, पण पचवला न्हाई. ठेवून घेतला.”

“का ठेवला, सर?”

“उपयोगाचा होता.” ते म्हणाले. “उपयोग नसता तर ठेवला असता का, ते काही कुठं वाचलं न्हाई मी.”

“उद्या घरी या,” मी म्हणालो.

“शिकवायला कोण आहे?”

“कुणी नाही. जेवायला या. सूर्य बुडायच्या आत मंगल स्वयंपाक करणार आहे.” हे मी मंगलला विचारलेलं नव्हतं.

सर उठले. डबा आत घेतला आणि म्हणाले, “मंग आज तुम्ही इथं जेवा. सूर्य हाय अजून.”

ताट एकच होतं. ते माझ्यापुढं ठेवून त्यांनी स्वतःला डब्याच्या झाकणात वाढून घेतलं. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत चाललं होतं. माझ्यासाठी थांबून त्यांचं जेवण सूर्य बुडेपर्यंत राहू नये म्हणून मी भराभर जेवू लागलो.

“सावकाश, भाऊसाहेब,” सर म्हणाले, आणि पोळीचा शेवटचा तुकडा हातात तसाच धरून माझं व्हायची वाट बघत बसले.