सापवाल्या काकूंचं सोवळं

आमच्या आळीत सगळ्यांत कडक सोवळं एका अजगराचं होतं.

मी अकोल्याच्या कचेरीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. मोर्णा नदीच्या काठी मी आणि आई राहायचो, आणि भिंतीला भिंत लागून सापवाल्या काकू. त्यांचे यजमान मेळघाटात जंगलखात्यात शिपाई. वणव्यातून वाचलेलं अजगराचं पिल्लू त्यांनी घरी आणलं. पुढे यजमान हिवतापानं गेले, आणि काकू एक ट्रंक नि एक सागवानी पेटी घेऊन अकोल्यात आल्या. पेटीत भाऊराव होते. अजगराचं नाव भाऊराव. मी पाहिले तेव्हा ते माझ्या दंडाएवढे जाड होते आणि काकू त्यांच्याशी अदबीनं बोलत.

रविवारी सकाळी पेटी अंगणात निघे. आधी भाऊरावांची रवानगी झाकणाच्या टोपलीत, झाकणावर पाटा. मग सगळा भुसा बाहेर. काठीनं घाण खरवडून झाल्याशिवाय पाणी लावायचं नाही, कारण घाणीवर ओतलेलं आधण वाया जातं, असं त्यांचं मत. मग सोड्याचं उकळतं पाणी, काथ्यानं घासणं, दोनतीनदा साधं पाणी, आणि पेटी पार कोरडी होईस्तोवर उन्हात. या कामाची बादली, काथ्या, खराटा सगळं वेगळं. ते चुलीजवळ गेलेलं कुणी पाहिलं नाही. शेवटी पेटीत डोकं घालून त्या वास घेत. जरा शंका आली की सगळं पहिल्यापासून.

"दिसते थे सोच्छ नोय," त्या म्हणत, "वास नाई येत थे सोच्छ."

आमच्या घरातली सोवळ्याची सगळी कलमं त्यापुढे पोरखेळ वाटत.

एकदा मी शेजारधर्म म्हणून फिनाईलची बाटली नेऊन दिली. काकूंनी बूच काढून हुंगलं आणि बाटली परत माझ्या हातात ठेवली.

"तुमी नाकानं वास घेता. भाऊराव जिभेनं घेते. त्याच्या घरात हे ओतलं त जीव जाईन त्याचा."

मी बाटली घेऊन परतलो.

आळीत त्यांच्या हातचं पाणी मात्र कुणी पीत नव्हतं. साप हाताळणारी बाई. माझी आईही त्यांना लांबूनच "काय वो" म्हणायची आणि आत वळायची.

त्या पावसाळ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि आई आजारी पडली. आमची मोलकरीण येईनाशी झाली. शेजारच्यांनी दारं लावून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईच्या उशाशी हतबल बसलो होतो, तर काकू कोरी बादली नि चुन्याची पिशवी घेऊन दारात उभ्या. मी बोलावलं नव्हतं.

त्यांनी पदर खोचला. घाण विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरली, वर चुना टाकला. आईची लुगडी उकळली. जमीन घासली. प्रत्येक कामानंतर कोपरापर्यंत हात साबणानं धुतले. उकळून निववलेलं पाणी आणि मिठाची पेज त्या आईला चमच्याचमच्यानं पाजत राहिल्या. एवढी निगा मी माणसाची झालेली पाहिली नव्हती. मी नुसता पाहत होतो.

आईला जरा शुद्ध आली तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "भाऊरावाले कोनापाशी ठेवलं?"

"पेटीतच हाय. जेवला हाय. आता त्याले पंधरा दिवस मी नाई दिसली तरी चालते," काकू म्हणाल्या.

आई वाचली. उठून चुलीपाशी बसायला लागली त्या दिवशी तिनं मला पाठवून काकूंना जेवायला बोलावलं. काकू आल्या, उंबऱ्याबाहेरच बसायला लागल्या. आईनं स्वयंपाकघरात, आपल्या शेजारी पाट मांडला.

दोघी जेवायला बसल्या. मग आई म्हणाली, "इतकी वर्सं झाली बाई, तुमचं नाव काय, थे मले ठाऊक नाई."

काकूंचा घास हातात राहिला.

"चंद्रभागा," त्या म्हणाल्या. "माहेरी, मोर्शीले, मले चंदी मनत."

मग त्या मोर्शीबद्दल बोलायला लागल्या. बापाची संत्र्याची बाग, विहिरीवरची मोट, पाठची बहीण. ताटं वाळली तरी बोलतच होत्या. एवढं बोलणं त्यांनी कुठे साठवून ठेवलं होतं कोण जाणे. आई मधे एकदाही उठली नाही. फक्त वरणाचं पातेलं पुढे ओढून म्हणाली,

"घे चंदी, आनिक घे."