टँकर आणि आपला नळ

माझे धाकटे दीर, दिगंबर भाऊजी, घरी आलेल्याला आधी स्वतःच्या लघवीचं माप सांगतात, मग पाणी विचारतात. "काल दिवसभरात साडेतीनशे मिली!" हे ऐकून धर्माबादचे एक सोयरे पाण्याची वाट न बघताच उठले होते.

भाऊजी लातुरात नगरपालिकेचे नळ सोडायचे. त्यांच्या हातातली चावी बघून गल्ल्या हंडे लावायच्या. आता किडन्या थकल्या. पोटात नळी बसवली आहे. पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं, दिवसातून तीनदा. घरच्या घरी डायलिसिस. एकटेच करतात. डॉक्टरांनी बजावलं, "किडनी अजून थोडी चालते, लघवी होते. तेवढी जपा. न विचारता दुखण्याची गोळी नको, जुलाब-उलट्या अंगावर काढू नका."

भाऊजींनी ते आपल्या हिशेबानं समजून घेतलं. "पिशवी म्हंजी टँकर, वैनी. अन् लघवी ह्यो आपला नळ. टँकर येतो म्हणून नळ तोडतंय का कुणी?"

तेव्हापासून मापाचं भांडं म्हणजे जीव की प्राण. चाकूरच्या लग्नातही ते कापडी पिशवीतून आलं. मांडवात कुणी गुडघ्यासाठी गोळी काढली, तशी भाऊजी गरजले, "टाक ती! किडनी काय आंदण भेटली का?"

गोळीचं नाव निघालं की मी पदर सारखा करते.

कारण तरुणपणीची मी! नववी नापास, पण रुबाब सिव्हिल सर्जनचा. बिस्किटाच्या डब्यात गोळ्या भरून घरभर दवाखाना चालवायचे. कुणी शिंकलं की डबा हजर. भाऊजी चाव्या फिरवून गुडघे धरून यायचे, मी पांढरी गोळी द्यायचे. वर्षानुवर्षं. त्यांची बायको म्हणायची, "अक्का, रोज बरी का हो?" मी म्हणायचे, "तुला कळतंय का मला?" ती बिचारी गेली, डबा टिकला. आता नातवाला खोकल्याचं औषध द्यायलाही मी सुनेला विचारते. शहाणपण आलं, पण शेवटच्या गाडीनं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "दुखण्याच्या एवढ्या गोळ्या कुणी दिल्या?" मी शेजारीच बसले होते. भाऊजी म्हणाले, "मीच आणायचो दुकानातून. लई वाईट खोड." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. रोज सकाळी मी ओरडते, "भाऊजी, नळ आला का?" पलीकडून माप येतं. गेले दोन महिने ते हललं नाही. "तीनशे!" मधेच तीन पिशव्यांच्या चार झाल्या. विचारलं तर म्हणाले, "डॉक्टराची हौस. टँकर वाढवून राहिला."

परवा हातात उपीट होतं, म्हणून "नळ आला का?" ओरडत ओरडतच त्यांच्या दारात गेले. त्यांना ऐकू जरा कमीच येतं, हाक दारातून आली हे कळलं नाही. पाठमोरे बसले होते, आमच्या भिंतीकडे तोंड करून.

"तीनशे, वैनी!"

मापाचं भांडं खिडकीत होतं. कोरडं. तळाला धूळ.

मी पाऊल न वाजवता मागे फिरले. घरी आले, उपीट ओट्यावर ठेवलं, घसा साफ केला आणि भिंतीकडे बघून ओरडले, "तीनशे म्हंजी लई झालं की, भाऊजी! जपा!"

पलीकडून उत्तर आलं,

"जपून राहिलो की, वैनी."