चार लिंबांची काटकसर आणि सासऱ्यांचा खंजीर

सगळं झालं ते चार लिंबं वाचवण्यापायी. सुरो महिना लागला की जावा बेटावरच्या आमच्या सोलोत घरोघरी जुनी हत्यारं न्हाऊ घालतात आणि बाजारात औषधालाही लिंबू मिळत नाही. म्हणून मी दोन केरिस, म्हणजे आमच्याकडचे नागमोडी खंजीर, एकाच काठवटीत घातले. एक माझा, जुन्या बाजारातून आणलेला. दुसरा सासऱ्यांचा.

सासऱ्यांचा म्हणजे साधासुधा खंजीर नव्हे. सात पिढ्यांचा, नऊ वळणांचा. त्याला नावसुद्धा आहे, क्याई सेलो. सुरो संपला की धाकट्या मेहुण्याचं लग्न (सुरोत कोण लग्न करतं?), आणि नवरदेवाच्या पाठीला तोच खोचायचा. 'जावई जाणकार आहे' म्हणून त्यांनी विश्वासाने माझ्या हाती दिला होता.

"मास, एकत्र घालू नका. मग ओळखणार कसे?" वुर्यानी, म्हणजे आमचं कुटुंब, स्वयंपाकघरातून ओरडली. ('मास' म्हणजे आमच्याकडचं 'अहो'.)

"मला विचारतेस? डोळे बांधून सांगेन!"

(तालुका कचेरीत मी कारकून असलो, तरी गल्लीत माझी ओळख वेगळी. पात्याचा वास घेऊन मी त्याचं गाव सांगतो. शेजारच्या दार्सोनोंचा भाला मी तुबानचा, चारशे वर्षांचा ठरवला होता. पुढे ते शाळेच्या कुंपणाचं टोक निघालं. पण लोखंड जुनं होतं, हे कुणी लक्षातच घेत नाही!)

मुठी काढल्या, पाती नारळपाण्यात भिजवली, लिंबाने खसाखसा घासली. बाहेर काढून बघतो तो दोन्ही पांढरीफटक. वळणं नऊ आणि नऊ. कुठलं कुणाचं, काही कळेना.

नखाने वाजवून पाहिलं. दोन्ही 'टण्ण'. वास घेतला. दोन्हींना लिंबाचा. म्यानात घालून पाहिली, तर दोन्ही दोन्हीकडे खुशाल जाऊन बसली. सासऱ्यांच्या पात्याला धारेवर एक खाच होती, डच शिपायाच्या तलवारीचा वार. पण तशीच खाच मी माझ्याही पात्याला गेल्या वर्षी कानशीने पाडली होती. (भाव खायला, दुसरं काय!)

शेवटचा उपाय राहिला. खरा केरिस उशाशी घेऊन झोपलं की तो स्वप्नात येऊन बोलतो. दुपारी दोन्ही उशीखाली घेऊन आडवा झालो. स्वप्नात पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा आला. मी हात जोडले. तो म्हणाला, "हजेरीपटावर तुमची सही कुठाय?" आमचे साहेब होते ते.

जाग आली ती सासऱ्यांच्या मोटारसायकलच्या आवाजाने. दोन दिवस आधीच!

"काय जावई, आंघोळ झाली का क्याईंची?"

मी त्यांच्या पायांवर लोळणच घेतली. "बापाक, दोन्ही मिसळले हो! आता तुम्हीच ओळखा."

सासरे काळवंडले. एक पातं कपाळाला लावलं, मग दुसरं. नखाने वाजवलं. वास घेतला. घामाघूम झाले आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "वुर्यानीला सांगू नका, पण मलाही कळत नाहीये."

तेवढ्यात वुर्यानी पदराला हात पुसत आली. दोन्ही धारांवरून अंगठा फिरवला आणि एक पातं वडिलांच्या हातात ठेवलं. "हा घ्या तुमचा."

"कशावरून?"

"याची धार खाचेपाशी मुडपलीये. आईने याने नारळ फोडला होता, मी समोरच होते. दुसरी खाच कशी सरळ आहे बघा. कानशीची आहे ती." आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की काठवटीत बुडी मारावीशी वाटली.

"नारळ?" सासरे मटकन बसले. "मी तर डच शिपाई म्हणून अख्ख्या सोलोला सांगत आलो!"

"मग सांगत राहा की. शिपाई काय सांगायला येतोय?"

सासरे हसत सुटले. मीही हसलो. छातीवरचा धोंडा उतरला होता. लग्न वाचलं, खंजीर वाचला, जावईसुद्धा वाचला. त्या दिवशी मी तीन वेळा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी दार्सोनो फडक्यात गुंडाळलेलं एक पातं घेऊन दारात हजर. मी चष्मा पुसून हात पुढे केला.

"तुम्ही नको," ते म्हणाले. "वहिनी आहेत का?"

तेव्हापासून दारात रांग असते. वुर्यानी सोयाबीनचे टेंपे तळता तळता पाती पारखते. मीही कामात असतो म्हणा. लिंबं पिळायला कुणीतरी लागतंच.